शीड निवडताना

रोजच्या वापराची साडी घेताना घरातली जाणती बाई आधी पोत पाहते, मग रंग. लांबच्या सफरीला निघणाऱ्या नौकेचं मुख्य शीडही असंच पारखून घ्यावं लागतं. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली ‘म्हादेई’ घेऊन दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि चार बंदरांत थांबून, पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये परतले. अशा वाटेवर भर समुद्रात शीड फाटलं, तर शिंपी कुठून आणायचा?

शर्यतीच्या नौकेला थर चिकटवून केलेलं हलकं, ताठ कापड शोभतं; पण ते महाग, आणि घड्यांनी व उन्हानं लवकर खराब होतं. लांबच्या वाटेला घट्ट विणीचं पॉलिएस्टरच बरं. ते हळूहळू सैलावतं खरं, पण सुई-दोऱ्यानं सांधता येतं. वारा वाढला की शीड टप्प्याटप्प्यानं आखडावं लागतं. त्यासाठी असे तीन टप्पे आधीच करून घ्यावेत. शिवण तर दरवर्षी तपासावी, कारण उन्हात कापडाआधी दोरा कुजतो.

शर्यत जिंकायची की सुखरूप घरी यायचं, हे एकदा ठरलं, की कापडही ठरतं.