इंग्रजीचे नाके चुकवून

साठी उलटल्यावर मनुष्याने काय शिकावे, याविषयीचे आपल्या समाजाचे संकेत बहुतेक मुक्रर झालेले आहेत: गीतेचे अध्याय, प्राणायाम, आणि गळा साथ देत असेल तर भजन. उभी हयात महसूल खात्यात फेरफार, सातबारे आणि पंचनामे यांच्या सहवासात घालवलेल्या गृहस्थाने इंदिरानगरात, रथचक्र चौकापासून हाकेच्या अंतरावर, एका सदनिकेच्या दिवाणखान्यात भरणाऱ्या वर्गाला जाऊन, नातवंडांच्या वयाच्या मुलांच्या पंक्तीला बसून स्पॅनिश भाषेची धुळाक्षरे गिरवावीत, हे त्या संकेतांत बसत नाही. म्हणून सकाळी जॉगिंग ट्रॅकवर भेटणारे स्नेही मोठ्या काळजीने विचारतात, ‘‘मुलगा तिकडे जातोय की काय?’’ मुलगा कोठेही जात नाही. तो अंबडच्या कारखान्यात असून सुखी आहे.

निमित्त झाले ते पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्या चरित्राचे. 1884 साली वर्ध्यास जन्मलेला, गदर चळवळीत शिरलेला आणि पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवर इंग्रजांविरुद्ध लढलेला हा क्रांतिकारक 1924 साली मेक्सिकोत पोहोचला, चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात अध्यापक झाला, मक्याच्या वाणांवर संशोधन करू लागला आणि गरीब शेतकऱ्यांसाठी त्याने मुक्त कृषिशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी तर आपल्या भित्तिचित्रात त्याची मुद्राही रेखाटली. 1967 साली नागपुरात त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या पराक्रमाविषयी पूर्ण आदर बाळगूनही मला मोह पडला तो निराळ्याच गोष्टीचा: चाळिशीला टेकलेला एक वैदर्भीय गृहस्थ, ज्या देशाशी त्याचा रक्ताचा वा राज्याचा काडीमात्र संबंध नव्हता त्या देशातील कुणब्यांपुढे उभा राहून, त्यांच्याच पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वी रानगवतातून घडवलेल्या मक्याविषयी, त्यांच्याच भाषेत बोलतो, आणि ते ऐकून घेतात. आपल्याला त्या वयात नवा मोबाइल हाताळायचा म्हटले तरी जिवावर येते!

वर्गात बसू लागल्यावर ध्यानात आले की, स्पेनच्या मुलखात शिरण्याआधी एक नाके लागते आणि त्यावर इंग्रजी बसलेली आहे. पुस्तके इंग्रजीतून, शब्दकोश इंग्रजीतून, मोबाइलवरचे धडेही इंग्रजीतून. मराठी विद्यार्थ्याने आपला माल आधी तेथे उतरवायचा, तपासून घ्यायचा आणि मगच पुढे हाकायचा. बारावी उतरलेली मुले हे निमूटपणे करतात, कारण दुसराही रस्ता आहे अशी वर्दी त्यांना कोणी दिलेलीच नसते. परंतु जो ग्रंथकार इंग्रज विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवून लिहितो, तो धोक्याच्या पाट्या लावतो त्या इंग्रजांच्या अडचणींच्या जागी. आपला पाय तेथे अडखळण्याचे वास्तविक काहीच कारण नसते.

कॉफी आवडण्याचेच घ्या. स्पॅनिश माणूस ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणतो तेव्हा कॉफी ही कर्ता असते आणि तो स्वतः चतुर्थी विभक्तीत बाजूला बसलेला असतो, एवढे समजावण्यासाठी पुस्तकाने पानेच्या पाने खर्ची घातली होती, आणि माझ्या शेजारचा मुलगा त्या पानांवर आठ्या घालून, ओठांनी पुटपुटत, पेन्सिलीने बाण काढीत बसला होता. मी हळूच म्हटले, ‘‘अरे, ‘मला कॉफी आवडते’ असंच म्हणतोस ना तू घरी?’’ आंबा आवडतो, आंबे आवडतात. तिकडेही आंबे अनेक झाले की ‘गुस्ता’चे ‘गुस्तान’ होते. त्याने माझ्याकडे पाहिले, पुस्तकाकडे पाहिले आणि काढलेले बाण खोडरबराने पुसून टाकले. ‘‘आजोबा, हे आधीच का नाही सांगत कोणी?’’ या प्रश्नाचा जाब त्याने खरे तर ग्रंथकाराला विचारायला हवा होता.

उच्चारांचीही तीच कथा. इंग्रजीच्या सवयीने मुले ‘टोमाटे’ म्हणतात. मग बाई थांबवून ‘‘ताकातला त, टाकीतला ट नाही,’’ असे बजावतात, आणि जीभ दातांना टेकताच मेक्सिकोतून जहाजांवर चढलेले आणि आता पिंपळगाव बसवंतच्या बाजारात क्रेटांच्या थप्प्यांनी उतरणारे ते फळ आपल्या स्पॅनिश नावाला ओ देऊ लागते. प, त, क यांच्या पाठोपाठ इंग्रज जी श्वासाची फुंकर सोडतो, ती येथे सोडायची नसते. आपण ती कधी सोडतच नव्हतो. ‘पेरो’ म्हणजे परंतु आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा, या भेदापायी परदेशी विद्यार्थी म्हणे घायकुतीला येतात. ज्या भाषेत बाळाला भुर्र नेतात, कापड टर्रकन फाटते आणि भोवरा गर्रकन फिरतो, तीत जन्मलेल्याला त्या अक्षराची वेगळी तालीम कशाला हवी?

अडले ते भलत्याच जागी. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. जिन्यात भेटल्या तर ‘‘काका, सावकाश’’ म्हणतात. वर्गात मात्र स्पेनच्या रिवाजाप्रमाणे सगळेच ‘तू’, हा त्यांचा दंडक. आदरार्थी ‘उस्तेद’ त्या भाषेत आहे, आणि त्यामागून क्रियापद तृतीयपुरुषी येते, जणू समोरच्याला थेट संबोधण्याचे धाडस न होऊन कोणी ‘साहेब काय घेतील?’ असे अदबीने विचारावे. ही रचना माझ्या दफ्तरी कानांना इतकी परिचयाची की मी तिच्यावरच मुक्काम ठोकला असता. परंतु बाईंनी फळ्यापाशी उभे करून, तू कोण आहेस, तू कोठे राहतोस, असे सरळ एकेरीत विचारले, आणि आई गेल्यापासून मला ‘तू’ म्हणणारे माणूस जवळजवळ उरलेच नव्हते, हे त्या क्षणी प्रथम जाणवले. उत्तर द्यायला वेळ लागला तो व्याकरणामुळे नव्हे.

सर्वच साम्ये अशी शेवटपर्यंत साथ देतात असेही नाही. तिकडे ‘असणे’ दोन आहेत, ‘सेर’ आणि ‘एस्तार’. बर्फ थंड असतो आणि वरण थंड आहे, या आपल्या भेदावर विसंबून चार पावले टाकता येतात, पण ‘मुलगी हुशार आहे’ म्हणताच वाट फुटते आणि तेथून पुढे पाठांतरावाचून गत्यंतर नाही. चंद्रही तिकडे स्त्रीलिंगी आहे. तीन लिंगे सांभाळणाऱ्याने दोघांना भिऊ नये, एवढेच.

सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसाला मात्र या भाषेत एक खाजगी करमणूक आहे. 711 पासून 1492 पर्यंत स्पेनच्या कमीअधिक भूभागावर मुसलमानी अंमल होता. त्यामुळे अरबीतले जे हुद्दे फारसीच्या वाटेने आपल्या दफ्तरांत आले, ते समुद्राच्या वाटेने तिकडेही गेले. काजीचा तिकडे ‘अल्काल्दे’ होऊन तो नगराध्यक्षपदी चढला आहे, दिवाण ‘आदुआना’ होऊन जकातीच्या कचेरीत बसला आहे, आणि बिचारा वजीर ‘आल्ग्वासील’ या नावाने समन्स बजावीत हिंडणारा बेलिफ झाला आहे. बढत्या-बदल्यांचा इतका लहरी हुकूम आमच्या खात्यातही कधी निघाल्याचे स्मरत नाही.

दिवाणखान्याच्या खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. तेथील सतराव्या क्रमांकाचे लेणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त याने खोदविले. दातामित्रीचा, उत्तरेकडचा यवन, अशी आपली ओळख त्याने तेथे कोरून ठेवली आहे, आणि ती प्राकृतात. परक्याची भाषा आत्मसात करण्याचा दाखला हवा असेल तर नाशिककराला मेक्सिकोपर्यंत जाण्याचीही गरज नाही. पाथर्डी फाट्यापर्यंत गेले तरी पुरे.

सध्या अपूर्ण भूतकाळ चालू आहे. हा काळ इंग्रजीच्या नाक्यावर फार रेंगाळतो, कारण तेथे त्याच्या जोडीचा माल नाही. आपल्याकडे मात्र हल्ली बोलण्यातून गेलेला असला तरी रीतिभूतकाळ अजून कानांत आहे. घरच्या एखाद्या वडील माणसावर पाच वाक्ये लिहून आणा, असे बाईंनी सांगितले तेव्हा मी आधी सरळ जुन्या मराठीत लिहिले: आजी पहाटे उठे, गंगेवर जाई, ओल्या लुगड्यानिशी परते, वाटेत भाजीवालीला मेथीचा भाव विचारी, तो ऐकून कपाळाला हात लावी आणि काही न घेता पुढे निघे. मग एकेक क्रियापद उचलून पलीकडे ठेवू लागलो. ‘उठे’च्या जागी ‘से लेवान्ताबा’, ‘जाई’च्या जागी ‘इबा’, आणि प्रत्येकाला तेथे आसन मांडलेलेच होते. पान भरले, उलटले, तेही भरले. रामकुंड, कपालेश्वराच्या पायऱ्या, वाटेत भेटणाऱ्या सोवळ्यातल्या बायका, त्यांच्या सुनांच्या कागाळ्या, सारे आले. बाईंनी वही शांतपणे वाचली, मधली दोन-तीन अक्षरे दुरुस्त केली आणि विचारले, ‘‘काका, सगळं बरोबर आहे, पण आजी घरी पोहोचल्या कधी?’’

घरी पोहोचायला साधा भूतकाळ लागतो. तो पुढच्या धड्यात आहे.