नगरचे जर्मन बंदी

बीडाहून नगरास जाणें पूर्वीं सोपें नव्हतें. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यांत, तर नगर ब्रिटिश मुलुखांत. मधें सरहद्द, आणि आगगाडीचें नांव नाहीं. सप्टेंबर २०२२ मध्यें आष्टीपर्यंत व सप्टेंबर २०२५ मध्यें थेट बीडपर्यंत लोहमार्ग आला, तेव्हां आम्हीं घरच्या मंडळींसह गाडीनेंच नगर पाहून येण्याचें ठरविलें. सरकारदप्तरीं त्याचें नांव आतां अहिल्यानगर आहे. पण आमच्या घरीं तें अजून नगरच.

जाण्यास एक निमित्तही झालें होतें. चिरंजीवानें जुनीं छायाचित्रें दाखविलीं. बरॅकीपुढें रांगेनें उभे असलेले गोरे पुरुष, आणि खालीं शब्द : ‘नगर येथील जर्मन युद्धकैदी’. आमच्या मातोश्रींनीं चष्मा सारखा करून तें चित्र न्याहाळलें व विचारलें, “अरे, यांतला शिपाई कोणता?” कोणासच उत्तर सुचलें नाहीं.

नगरचा भुईकोट किल्ला, त्याचा खंदक, चांदबिबीचा पराक्रम आणि १९४२ ते १९४५ या काळांत तेथें पंडित नेहरूंनीं भोगलेला कारावास वाचकांस ठाऊक आहेच. पण या गांवाला परदेशी बंदिवानांची संवय त्याहून जुनी. १९०१ सालीं येथें बोअर कैदी आणले होते. १९१४ च्या ऑगस्टांत महायुद्ध पेटल्यावर हिंदुस्थानांतील लढण्याच्या वयाच्या जर्मन पुरुषांस पकडून येथील लष्करी छावणींत ठेवण्यांत आलें. त्यांत बहुतेक व्यापारी, पेढ्यांवरील नोकर व मिशनरी. रणांगण न पाहतांच ते ‘युद्धकैदी’ ठरले! १९१७ सालीं जिनेव्हाच्या रेडक्रॉस समितीच्या प्रतिनिधींनीं छावणीची पाहणी केली.

कोंकणांत आमच्या आजोळच्या घरावर मंगळुरी कौलें आहेत. तीं कौलें प्रथम काढणारा मंगळूरचा कारखाना बासेल मिशननें १८६५ सालीं घातला. त्या मिशनचेही जर्मन लोक या युद्धांत स्थानबद्ध झाले व कारखाने मिशनच्या हातून गेले. ज्यांच्या कौलांखालीं आम्ही निजत होतों, ते एका रात्रींत शत्रू झाले.

१९३९ सालीं पुनः तोच प्रकार. गिर्यारोहक हाइन्रिश हारर कराचीस पकडला गेला, तो आधीं नगरास, मग देवळालीस व शेवटीं डेहराडूनला गेला. तेथून १९४४ सालीं निसटून तो तिबेटांत पोंचला. हा गृहस्थ नाझींच्या एसएस संघटनेचा सभासद. परंतु हिटलरच्या छळामुळें देश सोडून आलेल्या ज्यूंनाही तेव्हां ‘जर्मन’ म्हणूनच पकडून नगरास ठेवलें होतें. छळणारा पक्ष व छळलेला पक्ष एकाच कुंपणांत! छायाचित्रांत दोघेही सारखेच दिसणार.

१९२९ च्या जिनेव्हा करारांत युद्धकैद्यास अपमानापासून आणि लोकांच्या कुतूहलापासूनही जपावें असें कलम आहे. मग अशीं चित्रें पाहूंच नयेत काय? परतीच्या गाडींत यावर बराच वाद झाला. चिरंजीव म्हणाला, “न पाहिलीं तर हीं माणसें विसरलींच जातील.” तेंही खरें. १९१६ सालीं कूत येथें आपल्या मराठा पलटणींचे शिपाई तुर्कांच्या हातीं पडले. बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फ येथें हिंदी कैद्यांचीं चित्रें जर्मनांनीं घेतलीं. तीं पाहणाऱ्या परक्या माणसानें आपल्या पोरांकडे कसें पाहावें असें आपणांस वाटेल?

मातोश्री इतका वेळ खिडकीबाहेर पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “पाहावें रे. पण ‘हा कोणाचा कोण’ एवढें विचारून पाहावें.”

आष्टी मागें पडली होती, आणि ओलांडलेली सरहद्द कोणाच्या लक्षांतही आली नव्हती.