रॅमच्या पट्ट्यांची अदलाबदल

घरांतील जुना संगणक मंद चालूं लागला किंवा काम करतां करतां मध्येंच थांबूं लागला, कीं तो टाकून द्यावा असें आपणांस वाटूं लागतें. परंतु यंत्र मंद झालें म्हणजे तें निकामी झालें, असें नव्हे. पुष्कळदां त्याचा एक लहानसा भाग बदलल्यानें तें आणखी कांहीं वर्षें चांगलें काम देतें. तो भाग म्हणजे रॅम. त्याविषयीं मीं जें प्रत्यक्ष पाहिलें, तें आज आपणांस सांगण्याचा विचार आहे.

संगणकांतील हार्ड डिस्क ही कपाटासारखी असते. वीज गेली तरी तींतील मजकूर राहतो. रॅम ही लिहिण्याच्या मेजासारखी असून, चालूं असलेलें काम तेवढें तींत पसरलेलें असतें. मेज अपुरें पडलें कीं संगणकास वरचेवर कपाटाकडे धांव घ्यावी लागते, आणि काम मंदावतें. पण रॅम सदोष असेल तर त्याहून मोठें संकट ओढवतें. संगणक अक्षरें अंकांच्या रूपानें सांठवतो. यूनिकोड पद्धतींत ‘क’ चा क्रमांक २३२५ व ‘ग’ चा २३२७ आहे. शून्य व एक या दोनच अंकांनीं हे क्रमांक लिहिले, तर दोहोंत केवळ एका स्थानाचा फरक राहतो. रॅममधील तेवढें एक स्थान बिघडलें, तर ‘काय’ चें ‘गाय’ होण्यास वेळ लागत नाहीं!

२००६ सालीं माझी धाकटी बहीण महाविद्यालयांत शिकत होती. घरीं पेंटियम ३ जातीचा जुना संगणक होता. त्यावर ती एका छापखान्याची अक्षरजुळणी करी, आणि तिच्या फीचा बराच भाग त्यांतून निघे. त्या पावसाळ्यांत एका पुस्तिकेचें काम हातीं असतां यंत्र वारंवार बंद पडूं लागलें व जुळवलेलीं पानें नाहींशीं होऊं लागलीं. दुकानदारानें झांकण न उघडतांच नवा संगणक घेण्यास सांगितलें. तेवढा पैसा घरांत नव्हता. आणि पुस्तिका वेळेवर न गेल्यास पुढील काम मिळण्याची आशा नव्हती.

आमच्या यंत्रांत ६४ मेगाबाइटच्या दोन पट्ट्या होत्या. एका वेळीं एकच पट्टी बसवून आम्हीं मेमटेस्ट८६ या प्रोग्रॅमनें रात्रभर तपासणी केली. पहिली निर्दोष ठरली. दुसरींत चुकांची रांगच लागली. आमच्या मामांच्या संगणकांत त्याच जातीच्या, परंतु अधिक वेगाच्या दोन पट्ट्या होत्या; एक १२८ मेगाबाइटची व दुसरी २५६ ची. मामा बहिणीस म्हणाले, “अग, दोन्ही घेऊन जा, जी चालेल ती ठेव, दुसरी परत आण.”

मोठी पट्टी अर्थातच आधीं लावली. पण आमच्या यंत्रानें ती १२८ चीच मोजली! शोध घेतां कारण समजलें. त्या पट्टीवर २५६ मेगाबिटच्या आठ चिप होत्या, आणि आमच्या मदरबोर्डावरील इंटेल ४४०बीएक्स हा संच १२८ मेगाबिटपर्यंतच्याच चिप ओळखणारा होता. तेंच माप १२८ मेगाबिटच्या सोळा चिपांनीं भरलें असतें, तर तें पूर्ण मोजलें गेलें असतें. लहान पट्टी मात्र पूर्ण मोजली गेली. तिचा वेग १३३ मेगाहर्ट्झचा असला तरी आमच्या यंत्रांत ती १०० वरच चाले. कारण वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र चालवतांना सर्वांत मंद असेल तिच्याशीं जुळवून घ्यावें लागतें. मोठी पट्टी मामांकडे परत गेली, व तेथें ती पुरी २५६ मोजली जाऊं लागली. आमच्याकडे ६४ व १२८ मिळून १९२ झाले. बिघाडाच्या दिवसांत जुळवलेलीं सर्व पानें बहिणीनें मूळ प्रतीशीं पुन्हां ताडून पाहिलीं, आणि पुस्तिका ठरल्या दिवशीं छापखान्यांत पोंचली.

आपल्यापैकीं कोणास असा प्रयोग करावयाचा असल्यास प्रथम वडील माणसांची परवानगी घ्यावी. संगणक बंद करून वायर भिंतींतील सॉकेटमधून काढावी. अंगांतील स्थिर विजेनें चिप बिघडूं शकतात. म्हणून पेटीच्या उघड्या धातूस आधीं हात लावावा व पट्टी कडांनीं धरावी. पट्टीची जात नीट ओळखावी. एसडीरॅमला १६८ संपर्कबिंदू असतात, डीडीआरला १८४. डीडीआर२ व डीडीआर३ या दोहोंस २४० च असले, तरी पहिलीस १.८ व्होल्ट लागतात आणि दुसरीस सामान्यतः १.५. भलतीच पट्टी बसूं नये म्हणून प्रत्येक जातीची खांच निराळ्या जागीं ठेवलेली असते. तेव्हां पट्टी सहज बसत नसेल, तर जोर न करतां ती पुन्हां पाहावी. त्याहून जुन्या ७२ बिंदूंच्या पट्ट्या पेंटियम यंत्रांत बहुधा जोडीनेंच बसवाव्या लागत. बदल केल्यावर तपासणी पुरी होईपर्यंत महत्त्वाचें काम त्या यंत्रावर करूं नये.

पालकांसही एक विनंति आहे. घरीं बंद पडलेला संगणक असेल, तर तो भंगारांत देण्यापूर्वीं त्यांतील पट्ट्या काढून कागदांत गुंडाळून ठेवाव्या व वर जात आणि माप लिहावें. आपल्या घरीं जिचा उपयोग उरला नाहीं, ती पट्टी शेजारच्या एखाद्या मुलीचें अडलेलें काम पुढें नेऊं शकेल.