ऑलिंपियाच्या हौद्यात

ग्रीस देशातील ऑलिंपिया या पवित्र स्थानी झ्यूस देवाच्या उत्सवानिमित्त दर चार वर्षांनी क्रीडासामने भरत असत. परंपरेप्रमाणे त्यांचा आरंभ इ.स.पू. ७७६ मध्ये झाला. इ.स.पू. ७०८ मध्ये त्यांत कुस्तीचा समावेश झाला आणि इ.स.पू. ६३२ पासून मुलांच्याही कुस्त्या होऊ लागल्या. ग्रीक लोकांना कुस्ती इतकी प्रिय होती की, त्यांच्या तालमीचे 'पॅलेस्ट्रा' हे नावच कुस्ती या अर्थाच्या शब्दापासून बनलेले आहे.

मल्ल प्रथम अंगाला तेल चोळीत आणि मग त्यावर बारीक माती टाकीत, म्हणजे पकड निसटत नसे. कुस्तीचा हौदा खणून मऊ केलेला असे. आपल्याकडील मातीच्या कुस्तीत मल्ल एकदा चीतपट झाला की निकाल लागतो. तेथे मात्र प्रतिस्पर्ध्याला तीन वेळा पाडावे लागे. ठोसे मारण्यास मनाई होती. वजनावरून गट पाडण्याची रीत नव्हती आणि वेळेचे बंधनही नव्हते.

जोड्या चिठ्ठ्यांनी ठरत. चांदीच्या कलशात पावट्याएवढ्या सोंगट्या टाकीत. त्यांवर अक्षरे कोरलेली असत. ज्या दोघांच्या हाती एकच अक्षर येई, त्यांची कुस्ती लागे. मल्लांची संख्या विषम असली, तर एकजण त्या फेरीपुरता बसून राही आणि पुढे थकलेल्या मल्लाशी ताज्या दमाने लढे. ही दैवाची कृपा खरी. परंतु असा विसावा एकदाही न मिळता जो जिंके, तो ही गोष्ट आपल्या विजयलेखात अभिमानाने नमूद करवी.

पंचांच्या हाती छडी असे. नियम मोडणाऱ्यावर ती चाले. एरवी गुलामांच्या वाट्याला येणारी ही शिक्षा नामांकित मल्लालाही चुकत नसे. ऑलिंपियात सापडलेल्या इ.स.पू. सहाव्या शतकातील एका कांस्यलेखात, मल्लाने प्रतिस्पर्ध्याचे बोट मोडू नये, असा नियम कोरलेला आहे. तरीही पळवाटा शोधणारे होतेच. सिसिलीतील लिऑन्तिस्कस नावाचा मल्ल प्रतिस्पर्ध्याची बोटे पिरगाळून त्याला हार मानावयास लावी. त्याला विजय मिळाला, पुतळाही मिळाला. पण पॉसेनियस या ग्रीक प्रवाशाने इ.स. दुसऱ्या शतकात त्याच्याविषयी लिहून ठेवले ते हेच की, त्याला प्रतिस्पर्ध्याला पाडण्याची विद्या येत नव्हती, असे लोक म्हणतात!

याउलट क्रोटन नगरीच्या मिलोची कीर्ती. इ.स.पू. सहाव्या शतकातील या मल्लाने ऑलिंपियात एकदा मुलांच्या गटात आणि पाच वेळा मोठ्यांच्या गटात विजय मिळविला. सातव्या वेळी मात्र त्याच्यासमोर त्याच्याच गावचा टिमासिथियस हा तरुण उभा राहिला. मिलोच्या मिठीत सापडलो की संपलो, हे तो जाणून होता. तो जवळ आलाच नाही; आणि मिलोला त्याच्यावर मात करता आली नाही. बळाला बुद्धीने असे उत्तर दिले, तरी तो अपराध ठरला नाही. कारण त्यात नियमभंग नव्हता.

नियमाची खरी कसोटी इ.स.पू. १२ मध्ये लागली. सामने भरविण्याचा मान ईलिस नगराकडे होता. त्याच नगरातील डॅमोनिकस या गृहस्थाचा मुलगा पॉलिक्टर कुस्तीला उतरणार होता. मुलाला विजयमुकुट मिळावा म्हणून पित्याने प्रतिस्पर्धी मुलाच्या पित्याला पैसे चारले. गोष्ट उघडकीस आली. पंच ईलिसचेच होते. तरी त्यांनी आपल्या नगरबंधूची गय केली नाही. त्यांनी दंड केला तो दोन्ही पित्यांना. खरे अपराधी तेच होते. त्या दंडाच्या पैशांतून झ्यूसच्या मूर्ती घडविण्यात आल्या. त्यांपैकी एक ऑलिंपियात, येणाऱ्याजाणाऱ्या मल्लांच्या दृष्टीस पडेल अशी उभी राहिली.

ज्या मुकुटासाठी हा सारा खटाटोप झाला, तो सोन्याचा नव्हता. रानऑलिव्हच्या डहाळीचा होता. बाजारात त्याला कवडीचीही किंमत आली नसती. हौद्यात घाम गाळून तो मिळविला, तरच तो मस्तकावर शोभे. विकत घेतला, तर उरे तो केवळ पाला!