जागच्या जागी सायकल

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने रक्त तपासायला देऊ नये, असं माझं अनुभवाअंती झालेलं मत आहे. बँकेत आकडा वाढला की शाखाप्रमुख खूश होतात. रक्तात आकडा वाढला की डॉक्टर चष्मा काढतात. आमच्या डॉक्टरांनी तो काढला, पुसला, परत नाकावर ठेवला आणि म्हणाले, "साखर अगदी सीमेवर उभी आहे. रोज अर्धा तास घाम गाळा."

"मी रोज डोंबिवलीहून ठाण्याला लोकलने जातो," मी नम्रपणे सांगितलं.

"तो दुसऱ्याचा घाम असतो," डॉक्टर म्हणाले.

ही बातमी आमच्या सौ.ने त्याच रात्री टोरांटोला माझ्या धाकट्या भावाला कळवली. खरं म्हणजे आम्हा भावांचं दोन वर्षं धड बोलणं नव्हतं. आई गेल्यावर मिरजेचं घर विकलं. पैसे वाटताना काय झालं ते तपशीलवार सांगत नाही. काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या भावाभावांत मी रोज पाहतो तेच झालं. आत बसून पाहताना मला हसू यायचं. बाहेर उभं राहिल्यावर आलं नाही. तेव्हापासून दिवाळीला एक "शुभेच्छा" आणि वाढदिवसाला एक अंगठा, एवढाच खात्यावर व्यवहार.

आणि एके दिवशी दारात एक खोकं आलं. भावाने टोरांटोत बसून इथल्या दुकानात पैसे भरले होते. आत दहा-बारा किलोंचं एक काळं यंत्र. सायकलीचं मागचं चाक काढून ठेवायचं, चेन या यंत्राच्या दात्यांवर चढवायची आणि पॅडल मारत बसायचं. सायकल जागची हलत नाही. मात्र समोरच्या लॅपटॉपवर डोंगर, समुद्र, झाडी दिसते आणि त्यातून आपल्यासारखाच, पण पोट नसलेला, एक इसम सायकल हाणत जातो. यंत्र आपल्या पायांची ताकद वॅटमध्ये मोजून लॅपटॉपला कळवतं. लॅपटॉप उलट चढ कळवतो, की यंत्र आपोआप जड होतं. सोबत चिठ्ठी होती : "रविवारी सकाळी सातला. माझे इथे शनिवारचे रात्रीचे साडेनऊ. एकत्र जाऊ."

चोवीस वर्षांच्या नोकरीत एवढं छोटं आणि एवढं मोठं पत्र माझ्या हातात आलेलं नाही.

पण एकत्र जायचं म्हणजे आधी यंत्राने लॅपटॉपशी बोलायला हवं. इथून माझ्या साडेसातीला सुरुवात झाली.

हे संभाषण बिनतारी असतं. बिनतारी म्हटलं की माझ्यासारख्या कॉमर्सवाल्याला फक्त जगदीशचंद्र बोस आठवतात. त्यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात तारेशिवाय लहरी पाठवून दूरची घंटा वाजवून दाखवली होती. माझं यंत्र आणि लॅपटॉप यांच्यात अंतर होतं दीड हात, आणि घंटा वाजत नव्हती. या बोलण्याच्या पद्धतीचं नाव ब्लूटूथ. दहाव्या शतकात हॅराल्ड ब्लूटूथ नावाचा डेन्मार्कचा राजा होऊन गेला, त्याचं हे नाव. त्याने दुभंगलेल्या टोळ्या एकत्र आणल्या म्हणून १९९० च्या दशकात हे नाव उचललं म्हणतात. टोळ्या जोडणं सोपं असावं. त्या राजाला कोणी सायकल आणि लॅपटॉप दिला नव्हता.

पहिल्या दिवशी यंत्र सापडेचना. मी मोबाइलवरून शोधून पाहिलं. मोबाइल म्हणाला, आधी तुम्ही कुठे आहात ते कळू द्या. आता मी हॉलमध्ये आहे, सायकल हॉलमध्ये आहे आणि तिचं चाक दिवाणाखाली आहे. यात गुप्त असं काय आहे? चिरंजीवांनी सांगितलं, की आसपासची ब्लूटूथ यंत्रं हुडकता आली तर त्यावरून माणसाचा पत्ता लागू शकतो, म्हणून जुन्या अँड्रॉइड फोनला ही परवानगी लागते. म्हणजे आमच्याकडचं केवायसीच. मी मुकाट्याने परवानगी दिली. आयुष्यात प्रथमच मी काउंटरच्या त्या बाजूला होतो.

तरी यंत्र सापडेना. शेवटी उलगडा झाला, की ते चिरंजीवांच्या खोलीतल्या त्यांच्या फोनला जाऊन चिकटलं होतं. त्यांनी ते आल्या दिवशी हौसेने जोडून पाहिलं होतं. असली बरीचशी यंत्रं ब्लूटूथवर एका वेळी एकाशीच बोलतात. एक खिडकी, एक गिऱ्हाईक. एक जण खिडकीत कोपर टेकून उभा राहिला, की मागचा कितीही खाकरला तरी कारकून मान वर करत नाही. ही कार्यपद्धती मला नवी नव्हती. किंबहुना मी तिच्यावरच पगार घेतो.

मग चिरंजीवांनी अँट प्लस नावाची दुसरी पद्धत सुचवली. अँट म्हणजे मुंगी असावी, असं धरून मी चाललो. हिच्यात यंत्र एकाशी बोलत बसत नाही. फलाटावरच्या घोषणेसारखं सगळ्यांसाठी ओरडतं आणि ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं. त्यासाठी लॅपटॉपला बोटाच्या पेराएवढं एक खुंटलं लावावं लागतं. ते लावलं. माझे वॅट कधी दिसत, कधी गायब होत. कारण असं निघालं, की शेजारच्या निळ्या खाचेत, म्हणजे यूएसबी तीनमध्ये, मी फोटोंची हार्ड डिस्क खोचून ठेवली होती आणि त्या खाचेतून जो विद्युत गोंगाट होतो तो नेमका याच लहरींच्या पट्टीत होतो. उपाय काय? खुंटलं लॅपटॉपपासून दूर न्यायचं आणि यंत्राच्या जवळ ठेवायचं. कशाने? वायरने. तेव्हा बिनतारी यंत्र चालावं म्हणून मी बाजारात जाऊन दीड मीटर तार विकत आणली. दुकानदाराला हे कारण सांगितलं नाही. माणसाला काही लाज असते.

त्यानंतर मात्र सगळं सुरळीत झालं. रोज पहाटे साडेपाचला, घर झोपलेलं असताना, मी अर्धा तास जागच्या जागी जात असे. शंभर-एकशे दहा वॅट निघत. एवढ्यात एक जुना दिवा लागला असता, असं सौ.चं म्हणणं.

आणि मग रविवार आला. सात वाजता तो पडद्यावर माझ्या शेजारी आला, स्पीकरवर फोन लावला आणि आम्ही निघालो. पहिली पंधरा-वीस मिनिटं हवापाणी, पगार, गुडघे यांत गेली. आमच्या घराण्यात मुद्द्यावर यायला तेवढा वेळ लागतोच. मग तो जरा थांबून म्हणाला, "दादा, घराच्या बाबतीत मला एक..." आणि आवाज तुटला. वॅट शून्य. पडद्यावरच्या माझ्या इसमाने रस्त्याच्या कडेला पाय टेकला. भाऊ पुढे निघून गेला. दोन मिनिटांनी सगळं पूर्ववत झालं. पण तो काही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. पुढल्या रविवारी अक्षरशः तेच. "घराच्या बाबतीत..." आणि माझा इसम पाय टेकून उभा.

तिसऱ्या रविवारी तो आला नाही. दुपारी निरोप आला : "घराचा विषय काढला की तू थांबतोस. कळलं मला. राहू दे."

मी तो निरोप चार वेळा वाचला. साखरेचं मला भय वाटलं नव्हतं, याचं वाटलं. भांडण करून तुटलं असतं तर निदान भांडण तरी झालं असतं. इथे मी एक शब्द बोललो नव्हतो आणि माझ्या नावावर उत्तर पडलं होतं.

ताळा लागत नसला की कारकून देवाचा धावा करत नाही, नोंदी काढतो. प्रत्येक सफरीची नोंद लॅपटॉपवर राहते. मी त्या वहीत उतरवल्या. रोजच्या पहाटेच्या सफरी : खंड नाही. पहिला रविवार : सात अठरा ते सात वीस. दुसरा : सात एकोणीस ते सात एकवीस. आणि तिसऱ्या रविवारी, एकटाच पॅडल मारत होतो तेव्हाही : सात अठरा ते सात वीस. नेमकी दोन मिनिटं. आता या देशात नेमकी दोन मिनिटं चालणारी गोष्ट कोणती? बँकेत तर नाहीच. मी वही मिटली आणि स्वयंपाकघरात गेलो.

"रविवारी सव्वासातला तू काय करतेस?"

"चहाचं दूध," सौ. म्हणाली. "मायक्रोवेव्हमध्ये. दोन मिनिटं. का?"

आमचा मायक्रोवेव्ह हॉलच्या भिंतीला पाठ लावून बसतो. मी सायकलवर चढलो, चिरंजीवांनी कपभर पाणी आत ठेवून बटण दाबलं आणि माझे वॅट शून्य झाले. मायक्रोवेव्ह २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. माझी मुंगी ओरडते २४५७ वर. घरातलं वायफायही जुन्या सवयीने याच पट्टीत, म्हणून फोनचा आवाजही त्याच वेळी जायचा. ओव्हनमधून बाहेर झिरपतं ते नाममात्र, माणसाला त्याचा उपद्रव नाही. पण ओव्हन आठशे वॅटचा आणि माझ्या यंत्राचा आवाज एका वॅटच्या हजाराव्या भागाएवढा. आठ लाखांस एक असं प्रमाण. लग्नाच्या वरातीत कोणी कानात पत्ता सांगावा तसं.

"मी दूध गॅसवरच तापवत होते," सौ. म्हणाली. "मायक्रोवेव्ह तुम्ही आणलात. बोनस मिळाला म्हणून." हेही नोंदीवरून खरं निघालं.

मी वहीच्या पानाचा फोटो काढून टोरांटोला पाठवला. तारीख, वार, वेळ, कारण : दूध. खाली सवयीने सहीसुद्धा केली. तासाभराने उत्तर आलं : "वहिनीचं दूध???" तीन प्रश्नचिन्हं. दोन वर्षांत त्याने मला इतकं काही लिहिलं नव्हतं.

पुढल्या रविवारी दूध गॅसवर होतं, वायफाय पाच गिगाहर्ट्झच्या पट्टीत हलवलेलं होतं आणि सौ. सात अठराला ओट्याशी हाताची घडी घालून उभी होती.

"काय म्हणत होतास तू घराच्या बाबतीत?" मी विचारलं.

"काही नाही रे," तो म्हणाला. चढ होता, त्याला धाप लागली होती. "म्हणत होतो, मी तेव्हा जरा जास्तच बोललो."

"मी काय कमी बोललो होतो?"

मग बराच वेळ दोघांच्या चेनचा तेवढा आवाज येत राहिला. आणि एकाएकी तोच म्हणाला, "मिरजेला आपण तासाच्या भाड्याने सायकल घ्यायचो, आठवतं? अर्धा तास तुझा, अर्धा माझा. तुझा अर्धा तास नेहमी चाळीस मिनिटांचा असायचा."

आठवत होतं. दर वेळची दहा मिनिटं. पस्तीस वर्षांची थकबाकी. मी व्याजाचा हिशेब मनात सुरू केला आणि लगेच सोडून दिला. रक्कम फार होती.

तेवढ्यात पडद्यावर त्याचा इसम थांबला. कडेला पाय टेकून उभा राहिला. फोन चालू होता. "दादा, माझं कनेक्शन गेलं वाटतं," तो ओरडला. "तू हो पुढे!"

मीही पॅडल थांबवलं. माझ्या इसमाने त्याच्या शेजारी पाय टेकला.

"दहा मिनिटं लागू देत," मी म्हणालो. "तुझीच आहेत."