मुरलेली तबकडी

आपल्या भाषेने ‘झिजणे’ आणि ‘मुरणे’ ही दोन क्रियापदे अगदी निरनिराळ्या फडताळांत ठेवलेली आहेत. जोडा झिजतो, उंबरठा झिजतो, नाणे झिजते. लोणचे मात्र मुरते, आणि लोणच्याच्या जोडीने कधी कधी वकील आणि गवईही मुरतात. एकच वस्तू एकाच आघाताने झिजतेही आणि मुरतेही, असे म्हणण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता. तो आणला एका प्लॅस्टिकच्या तबकडीने. ही तबकडी गाण्याच्या यंत्रावरची नव्हे, फेकण्याच्या खेळातली. अमेरिकेत या खेळाला डिस्क गोल्फ म्हणतात. आणि आमचे चिरंजीव, जे इकडे असताना कोपऱ्यावरून भाजी आणावयासही कुरकुरत, ते तिकडे या खेळापायी दर रविवारी आनंदाने मैलच्या मैल चालतात.

खेळ समजण्यास सोपा आहे. गोल्फमध्ये चेंडू काठीने टोलवीत खळग्यात घालावयाचा असतो. येथे काठी नाही, चेंडू नाही आणि खळगाही नाही. ठरावीक जागेवरून तबकडी हाताने फेकावयाची, ती पडेल तेथून पुन्हा फेकावयाची, आणि शेवटी एका खांबाला लोंबणाऱ्या साखळ्यांवर आपटून खालच्या लोखंडी टोपलीत पाडावयाची. ज्याला कमी फेकी लागतील तो जिंकला. मुले समुद्रकाठी जी फ्रिस्बी फेकतात तिच्याच वंशातली ही तबकडी. व्हॅम-ओ ही कंपनी फ्रिस्बी विकू लागली १९५७ साली. पुढे त्याच कंपनीत असलेल्या एड हेड्रिक या गृहस्थांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह उद्यानात या खेळाचे पहिले कायमचे मैदान आखले, पुढच्याच वर्षी खेळाडूंची संघटना स्थापन केली, आणि साखळ्यांच्या टोपलीचे पेटंटही घेतले. २०२३ च्या उन्हाळ्यात चिरंजीवांनी मला ते मैदान दाखविले. सॅन गेब्रिएल डोंगरांच्या पायथ्याशी, ओक वृक्षांच्या सावलीत ते आहे. आणि शेजारीच जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी, म्हणजे गुरू-शनीपर्यंत याने धाडणारी संस्था. एकीकडे कोट्यवधी मैलांचे मार्ग बिनचूक आखणारी माणसे, आणि हाकेच्या अंतरावर, आपली तबकडी झाडाच्या डावीकडे चार हात का गेली याचा कपाळाला आठ्या घालून विचार करणारी माणसे! मला या दुसऱ्यांचीच संगत अधिक मानवली.

टोपलीजवळून टाकावयाची तबकडी वेगळी, मध्यम अंतराची वेगळी आणि लांब पल्ल्याची वेगळी. या शेवटच्या जातीला ड्रायव्हर म्हणतात. पूर्वीच्या तबकड्यांचा काठ फ्रिस्बीसारखा जाड आणि गोलसर असे. डेव्ह ड्यूनिपेस यांनी १९८३ साली तो काठ उतरता करून धारेसारखा पातळ केला, आणि तबकडी हवा कापीत जाऊ लागली. एवीतेवी एकवीस सेंटीमीटर व्यासाची, पावणेदोनशे ग्रॅमच्या आतबाहेर वजनाची ही वस्तू. पण तिचे सारे भाग्य त्या बोटभर रुंदीच्या काठात साठलेले असते. बहुतेक ड्रायव्हरांच्या पाठीवर चार आकडे छापलेले आढळतात. पहिला वेगाचा, दुसरा तरंगण्याचा, तिसरा ‘टर्न’चा, चौथा ‘फेड’चा. चिरंजीवांच्या टीबर्ड नावाच्या ड्रायव्हरचे आकडे ७, ५, ०, २ असे आहेत. ही तबकडीची जन्मपत्रिकाच म्हणावयाची. आणि पुष्कळ पत्रिकांप्रमाणे हीदेखील जन्मदिवसापुरतीच भरवशाची असते.

तिसऱ्या आणि चौथ्या आकड्यातच सगळी गंमत आहे. उजव्या हाताने, हात छातीवरून आडवा ओढून फेकलेली तबकडी वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गरगरत जाते. भर वेगात ती हवेला जवळजवळ सपाट भिडते. हवेचा उचलणारा जोर तिच्या मध्याच्या किंचित मागे पडतो आणि तिचे नाक खाली दबू पाहते. परंतु गरगरणारी वस्तू ज्या बाजूला ढकलावी त्या बाजूला कलत नाही, तिच्या काटकोनात कलते. भोवरा कलंडण्याऐवजी मान डोलावीत राहतो तो याच कारणाने. म्हणून नाक दबावयाचे ते बाजूला राहते आणि तबकडीची उजवी कड खाली जाऊन ती उजवीकडे वळते. हा टर्न. पुढे वेग ओसरतो, तबकडी खाली बसू लागते, हवा तिला पोटाकडून लागू लागते, जोराचे केंद्र पुढे सरकते, नाक वर उचलू पाहते. आणि त्याच न्यायाने आता डावी कड झुकते. हा फेड. म्हणजे जाताना थोडे उजवीकडे आणि उतरताना डावीकडे, असा तिचा सर्वसाधारण स्वभाव. डावखुऱ्याने फेकल्यास सगळेच उलट.

नवाकोरा ड्रायव्हर बहुधा हट्टी असतो. कितीही जोराने फेका, तो उजवीकडे वळण्याचे नाव घेत नाही, आणि जोर संपताच डावीकडे मान टाकतो. खेळाडूंच्या भाषेत अशी तबकडी ‘ओव्हरस्टेबल’. मग तिचा प्रपंच सुरू होतो. ती ओकच्या बुंध्यावर आपटते, खडकाळ जमिनीवर घासत जाते, टोपलीच्या लोखंडावर आदळते. साच्याचे वरचे व खालचे अर्धुक जेथे जुळते तेथे काठावर एक बारीक रेघ असते. ती जमिनीपासून जितकी उंच तितकी तबकडी हट्टी, आणि जितकी खाली तितकी नमती. आपटण्याने व घासण्याने नाकाचा खालचा भाग बोथट व वाटोळा होतो आणि ती उंची केसाकेसाने उतरत जाते. डोळ्यांना काही दिसत नाही. बोट फिरविले तर मात्र नव्या व जुन्या काठातला फरक कळतो. निदान चिरंजीवांना कळतो, मला डोळे मिटून प्रयत्न करावा लागला. बहुधा आधी जातो तो भरवेगातला ताठा, आणि उतरतानाचा डावा कल मागाहून, सावकाश कमी होतो. अशा रीतीने एक दिवस असा उगवतो की, पूर्ण जोराने फेकलेली तबकडी थोडी उजवीकडे रेलते, मग सरळ होते, आणि अगदी अखेरीस, निरोप घेतल्यासारखी, किंचित डावीकडे वळून जमिनीवर टेकते. ही तिची मुरलेली अवस्था. त्याही पुढे गेली की ती उजवीकडे वळते ती परत फिरतच नाही.

येथे चंदनाचा दृष्टांत देण्याचा मोह कोणाही मराठी लेखकाला होईल. मी तो आवरतो, कारण तो लागू पडत नाही. चंदनाचे खोड झिजून सरते. या तबकडीचे वजन जेमतेम घटते. ती नाहीशी होत नाही, फक्त तिचा स्वभाव पालटतो. म्हणूनच जुने जाणते खेळाडू झिजलेली तबकडी टाकून देत नाहीत. चिरंजीवांच्या पिशवीत एकाच साच्याचे तीन ड्रायव्हर होते. मला ती उधळपट्टी वाटली, तेव्हा त्यांनी ते तिघे ओळीने फेकून दाखविले. नवा डावीकडे गेला, मधला सरळ गेला, जुना उजवीकडे गेला. तिघांची पत्रिका एक आणि हात एक. समोरून वारा असेल तर तबकडीच्या दृष्टीने वेग वाढल्यासारखाच, म्हणून ती अधिकच उजवीकडे रेलते. अशा वेळी नवा हट्टी ड्रायव्हरच कामास येतो. वारा पाठीशी असला किंवा वाट उजवीकडे वळत असली की पाळी जुन्याची. स्वस्त प्लॅस्टिकची तबकडी थोड्याच महिन्यांत तिन्ही वये पाहून घेते. महाग प्लॅस्टिकची वर्षानुवर्षे मधल्या वयात रेंगाळते, आणि तिची किंमत खरोखर या रेंगाळण्याचीच असते.

मग कानशीने किंवा काचकागदाने घासून ही अवस्था एका संध्याकाळी का आणू नये? कॉलेजात आयुष्य काढलेल्या माणसाच्या मनात असे आडमार्ग आधी येतात. परीक्षार्थींकडूनच ते शिकावयास मिळतात. खेळाचे नियम याबाबत मोठे मार्मिक आहेत. खेळताना पडलेला ओरखडा किंवा वर आलेला कंगोरा माफक घासून गुळगुळीत करण्यास मुभा आहे. पण उड्डाण बदलावे म्हणून तबकडीत फेरफार केला, किंवा ती बेसुमार घासली, की ती बाद. क्रिकेटमध्येही चेंडू कपड्यावर घासून चकचकीत ठेवता येतो, नखाने किंवा काचकागदाने कुरतडता येत नाही. २०१८ साली केपटाऊनच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनी काचकागद वापरला तेव्हा केवढे रामायण झाले ते वाचकांना आठवत असेल. दोन्ही खेळांनी झीज मान्य केली आहे. आक्षेप आहे तो खेळावाचून केलेल्या झिजेला. जुन्या तबकड्या विकतही मिळतात, हे खरे. पण दुसऱ्याच्या हाताने मुरलेली तबकडी कोणत्या वयाची आहे हे शंभरदा फेकल्यावाचून उमगत नाही, आणि शंभरदा फेकली की ती त्या वयाची राहिलेली नसते.

मी तेथे असताना चिरंजीवांना अशीच एक तबकडी मिळाली. टपालखात्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ त्यांच्याबरोबर खेळत. मुलगा त्यांना ‘सर’ म्हणे आणि घरी आमच्याशी बोलताना ‘आजोबा’. त्यांच्या खांद्यावर शस्त्रक्रिया व्हावयाची होती. पुन्हा फेकता येईल की नाही याची डॉक्टरांनी हमी दिली नव्हती. त्यांनी आपला ड्रायव्हर काढून चिरंजीवांच्या हाती दिला. महाग प्लॅस्टिकचा, फिकट नारिंगी रंगाचा, अकरा वर्षे खेळलेला. काठावर बारीक बारीक खवले, आणि पोटावर शाईने लिहिलेले त्यांचे नाव हाताळण्याने इतके पुसट झालेले की माहीत असेल त्यालाच वाचता यावे. मैदानातल्या दोन ओक रांगांमधली अरुंद वाट तो दोरी ताणल्यासारखा सरळ जात असे.

माझे मत स्पष्ट होते : ही भिंतीवर लावून ठेवावी. प्रत्येक फेकीगणिक ती आपले सरळपण थोडे थोडे खर्च करणार, आणि असे दुसरे दुकानात मिळणार नाही. चिरंजीव म्हणाले, “बाबा, भिंतीवर लावली की ती ताटली झाली. आजोबांनी मला ताटली दिलेली नाही.” मग त्यांनी हेड्रिक यांची हकीकत सांगितली. ते २००२ साली वारले, आणि त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून तिच्या काही तबकड्या घडविण्यात आल्या. अस्थी गंगेत सोडणाऱ्या लोकांना हे ऐकून प्रथम दचकल्यासारखे होते; मलाही झाले. परंतु त्या हकीकतीने वाद मिटत नाही. हेड्रिक यांची रक्षा फेकली तरी रक्षाच राहते; आजोबांची तबकडी फेकली की पालटते. हे मी बोलून दाखविले. चिरंजीवांनी उत्तरादाखल ती माझ्याच हातात दिली.

त्या आठवड्यात मी बरीच फेकाफेक केली होती. माझा हात पन्नाशी उलटलेला आणि आयुष्यभर खडू धरलेला. नवा ड्रायव्हर माझ्या हातून सुटला की लगेच डावीकडे वळून पंचवीस-तीस पावलांवर गवतात तोंड खुपशी. त्याला जो वेग हवा तो माझ्यापाशी नव्हताच, म्हणून त्याचे उड्डाण जणू अखेरीपासूनच सुरू होई. आजोबांची तबकडी मी तशीच फेकली. ती उजवीकडे रेलली नाही, तेवढा जोर कोठून असणार? पण डावीकडेही पडली नाही. खाली दबून, सावकाश, पहिल्या ओकच्या सावलीपलीकडे जाऊन बसली. मी मोजली : एकावन्न पावले. घरी फोनवर मी हा आकडा तीनदा सांगितला, असे आमच्या मंडळींचे म्हणणे आहे.

पुढली दोन वर्षे चिरंजीव ती दर रविवारी फेकीत राहिले. मला जी भीती होती तेच झाले, आणि चिरंजीवांनाही ते ठाऊक होते. पूर्ण जोराने फेकल्यास ती ओकच्या वाटेतून उजवीकडे भरकटते आणि परतत नाही. २०२३ मध्ये मी पाहिलेला त्यांचा तो हट्टी नवा ड्रायव्हर आता त्या वाटेने बराचसा सरळ जाऊ लागला आहे. नारिंगी तबकडी भिंतीवर लावण्याचा विषय मी एकदा पुन्हा काढून पाहिला. पण तोवर ती पिशवीत राहिली नव्हती. आजोबांचा खांदा बरा झाला आहे. पूर्वीच्या निम्म्या जोराने ते फेकतात, आणि निम्म्या जोराला ती अजून सरळ जाते, म्हणून चिरंजीवांनी ती त्यांना नेऊन दिली. तिच्या पोटावर त्यांनी आपले नाव पुन्हा शाईने गिरविले आहे.