चॅनेल एक, सहा, अकरा

संपादकांनी विषय सरळ दिला होता : तीन हजारांच्या आत घरासाठी कोणता वायफाय राउटर घ्यावा, तुलना करून सांगा. वाचकांना नाव हवं असतं, असंही ते म्हणाले. नाव मी देणार आहे. पण ठाणे-डोंबिवली पट्ट्यात घरांची आणि छोट्या ऑफिसांची नेटवर्क उभारण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. या किमतीतल्या दोन राउटरांमध्ये जेवढा फरक असतो, त्याहून कितीतरी जास्त फरक राउटर कुठे ठेवला आणि शेजाऱ्यांचे राउटर काय करताहेत, यानं पडतो. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. दुकानातून विकत आणता येईल असं उत्तर त्याला हवं असतं.

आधी खोक्यावरचा आकडा घेऊ. स्वस्तातला राउटर म्हटलं की बहुतेक वेळा खोक्यावर एसी१२०० असं दिसतं. घेणाऱ्याला वाटतं, १२०० मेगाबिटचा वेग मिळणार. हे १२०० म्हणजे दोन पट्ट्यांची बेरीज आहे : २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७. बेरीज येते ११६७, ती ओढून १२०० केलेली. या राउटरला जोडलेला फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, म्हणजे ही बेरीज कुणाच्याच वाट्याला येत नाही. शिवाय ८६७ हा फक्त रेडिओचा वेग झाला. एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं, प्रत्येक वेळी पोच घ्यायची, मध्ये थांबायचं, यात त्यातला मोठा हिस्सा खर्ची पडतो. राउटर त्याच खोलीत आहे, मध्ये काही आडवं नाही, अशा वेळी चारशे-पाचशे मेगाबिट मिळाले तर राउटर उत्तम चाललाय असं समजावं.

मला खरा राग आहे तो मागच्या पोर्टांबद्दल. टीपी-लिंकचे आर्चर सी५० आणि आर्चर सी६ हे दोन्ही एसी१२०० म्हणून विकले जातात. सी५०चे पोर्ट १०० मेगाबिटचे, सी६चे गिगाबिट. म्हणजे सी५०मध्ये फायबरकडून येणारी तारच १०० मेगाबिटला अडते, प्रत्यक्षात ९४-९५ मिळतात, मग हवेतल्या ८६७चं करायचं काय? २०० किंवा ३०० मेगाबिटचा प्लॅन घेतलेली कितीतरी घरं दर महिन्याला अशा वेगाचे पैसे भरताहेत, जो त्यांच्या राउटरमध्ये शिरूच शकत नाही. मर्क्युसिसच्या एसी१२ आणि एसी१२जी या दोन मॉडेलांत हाच फरक त्या शेवटच्या एका अक्षराचा आहे. खोक्याच्या दर्शनी बाजूला १२०० ठळक असतं, पोर्टचा वेग मात्र बाजूच्या बारीक अक्षरांत शोधावा लागतो. तिथे १०/१०० असेल तर खोकं परत ठेवा. १०/१००/१००० असेल तरच पुढचं बोलू.

तेव्हा नाव असं : प्लॅन १००च्या वर असेल आणि बजेट दोन-तीन हजारांचं असेल, तर आर्चर सी६, डी-लिंकचा डीआयआर-८२५ किंवा मर्क्युसिसचा एसी१२जी, यांपैकी त्या आठवड्यात जो स्वस्त मिळेल तो घ्या. त्यांच्यातल्या उरलेल्या फरकावर डोकं शिणवू नका. डीआयआर-६१५ किंवा टीएल-डब्ल्यूआर८४१एन यांसारखे फक्त २.४वर चालणारे राउटर एके काळी घरोघरी होते. इमाने इतबारे चालले. आता नवीन म्हणून ते घेऊ नयेत.

वायफाय ६बद्दल विचारणारे पुष्कळ असतात. या किमतीच्या आसपास एएक्स१५०० वर्गातले राउटर मिळतात, उदाहरणार्थ आर्चर एएक्स१०. त्याच्या ५ गिगाहर्ट्झवर १२०१ मेगाबिट आणि वायफाय ६ आहे हे खरं. पण २.४वर तोच जुना ३००, म्हणजे २००९ सालच्या ८०२.११एन मानकावर बेतलेला रेडिओ. घरातले फोन वायफाय ६चे असतील तर जरूर घ्या. मात्र दूरच्या खोलीतला जुना लॅपटॉप त्यानं सुधारणार नाही. अँटेनांचंही तसंच. चार अँटेना म्हणजे चौपट ताकद नव्हे. एसी१२०० मध्ये दोन प्रवाह एका पट्ट्याचे आणि दोन दुसऱ्याचे, एवढाच त्या चारांचा अर्थ. ‘भिंतभेदी’ असं जे लिहिलेलं असतं, ते तर मनावर घेऊच नका. राउटर मोठ्यानं ओरडला तरी फोनला तेवढ्याच जोरानं उत्तर देता यायला हवं, आणि फोनचा ट्रान्समीटर लहानच असतो.

आता ज्या घरानं मला हा लेख लिहायला भाग पाडलं, त्याबद्दल. डोंबिवलीतली जुनी इमारत, नऊ इंची विटांच्या भिंती, बाहेरच्या खोलीत दाराजवळ फायबरची पेटी. आतल्या खोलीत अभियांत्रिकीला असलेली मुलगी. तिची ऑनलाइन परीक्षा कॅमेरा लावून चालली होती. जोडणी तुटली, पुन्हा जुळली, पुन्हा तुटली, आणि यंत्रणेनं तिला बाहेर काढलं. तो विषय तिला पुढच्या सत्रात द्यावा लागला. वडिलांनी त्याआधीच दोनदा राउटर बदलला होता, दर वेळी आधीच्यापेक्षा महाग. मी गेले ती परीक्षा होऊन गेल्यावर. राउटरच्या खोलीत २.४चा सिग्नल उणे ३८ डीबीएम, मुलीच्या टेबलाशी उणे ६६. हा काही वाईट सिग्नल नाही, त्यावर व्हिडिओ सहज चालायला हवा. पण स्कॅनरवर तीसच्या वर नेटवर्क दिसत होती. त्यांचा स्वतःचा राउटर ४० मेगाहर्ट्झ रुंदीवर पसरलेला आणि वरच्या मजल्यावरचा चॅनेल ४वर. वरच्या काकांना विचारलं. ते म्हणाले, “अहो ताई, १, ६, ११वर फार गर्दी होती, म्हणून मोकळा बघून ४ घेतला.” कुठल्याशा व्हिडिओत तसं सांगितलं होतं. माणूस सज्जन, आपण कुणाला त्रास देतोय याची त्यांना कल्पनाच नव्हती.

इथे मला थोडं खोलात जावं लागेल, कारण सगळं दुखणं इथेच आहे. २.४चा पट्टा आपल्याकडे २००५ मध्ये परवानामुक्त झाला. त्याची रुंदी अवघी ८३.५ मेगाहर्ट्झ. त्यात १३ चॅनेल दाखवतात, पण ते पाच-पाच मेगाहर्ट्झ अंतरावर आहेत आणि प्रत्येक नेटवर्कला किमान २० मेगाहर्ट्झ लागतात. म्हणजे व्यवहारात एकमेकांवर न चढणारे तीनच : १, ६ आणि ११. एका चॅनेलवर दहा जण असले तरी ते एकमेकांचं बोलणं ओळखतात. वायफायचा नियमच असा आहे की आधी ऐकायचं, हवा मोकळी असेल तर बोलायचं. ओळखीचा सिग्नल उणे ८२ डीबीएम इतका क्षीण आला तरी थांबायचं. पण शेजारी अर्धवट सरकलेल्या चॅनेलवर असेल, तर त्याचं बोलणं तुमच्या राउटरला उलगडत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो. आणि गोंगाटासाठी थांबायची मर्यादा आहे उणे ६२. हा २० डेसिबेलचा फरक म्हणजे शंभरपट. समोर कुणी मराठीत बोलत असेल तर आपण त्याचं संपेपर्यंत थांबतो, बाहेर बँड वाजत असेल तर त्याच्यावर आवाज चढवून बोलतो, तसंच हे. चॅनेल ४ घेणारा १वाल्यांचंही बोलणं नासवतो आणि ६वाल्यांचंही, आणि त्याचं स्वतःचंही धड चालत नाही.

न ऐकता बोलल्यानं काय होतं हे जगाला कधीच कळून चुकलं आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटानं बेटाबेटांवरची टर्मिनल रेडिओनं जोडली, अलोहानेट. ज्याला वाटेल त्यानं वाटेल तेव्हा बोलायचं, टक्कर झाली तर पुन्हा बोलायचं. गणित सांगतं की अशा पद्धतीत चॅनेलचा जास्तीत जास्त १८ टक्के उपयोग होतो. पुढच्या बऱ्याच नेटवर्कांनी आधी ऐकायचा नियम घेतला तो हे टाळण्यासाठी. चॅनेल ३, ४, ८ निवडणारा माणूस सबंध इमारतीला त्याच दिशेनं मागे ढकलतो.

आमच्या क्षेत्रातले काही जण यावर म्हणतात, भारतात १३पर्यंत परवानगी आहे, मग १, ५, ९, १३ असे चार का नकोत? कागदावर ते बरोबर आहे. तीनाचा नियम ८०२.११बीच्या काळातला, जेव्हा सिग्नल २२ मेगाहर्ट्झ रुंद असे. आताचा २०मध्ये बसतो. मी यावर अनेकांशी भांडले आहे आणि माझं मत ठाम आहे. चाराची योजना सगळ्या इमारतीनं पाळली तरच चालते. एकजण ६वर बसला की तो ५लाही लागतो आणि ९लाही. आणि आपल्या इमारतींत फायबरवाल्यांच्या पेट्या मुकाट्यानं १, ६, ११वरच बसतात. त्यात अमेरिकेहून मुलानं आणलेला लॅपटॉप असतो, त्याला १३ दिसतच नाही. तीन म्हणजे तीनच.

४० मेगाहर्ट्झ हा दुसरा गुन्हा. खोक्यावरचे ते ३०० मिळतात फक्त ४०च्या रुंदीवर, म्हणजे एकट्या घरानं निम्मा पट्टा अडवायचा. २०वर १४४ मिळतात. बल्ब, कॅमेरा, टीव्ही आणि एक व्हिडिओ कॉल यांना ते भरपूर आहेत. याशिवाय प्रत्येक नेटवर्क सेकंदाला सुमारे दहा वेळा स्वतःची ओळख प्रसारित करतं, तीही बहुतेक घरगुती राउटरांत १ मेगाबिट या सगळ्यांत संथ वेगानं. तीनशे बाइटची ओळख धरली तर एकेक अडीच मिलिसेकंद खाते. एका चॅनेलवर दहा नेटवर्क असली की कुणी काही न पाहता, न ऐकताही चॅनेलचा चौथा हिस्सा यातच संपतो. पाहुण्यांसाठी म्हणून वेगळं नाव चालू ठेवलं असेल तर त्याची ओळख वेगळी जाते. नको असेल तर ते बंद करा.

५ गिगाहर्ट्झची गोष्ट निराळी. ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेनंतर तिथे एकूण ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे झाले, गर्दीचा प्रश्न जवळपास नाही. पण त्या लहरी विटांच्या दोन भिंतींत दमतात. म्हणून राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर, उघड्यावर हवा. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, माळ्यावरच्या टाकीशेजारी नको. फायबर जोडायला येणारा मुलगा दाराजवळ पेटी ठोकून निघू पाहतो. त्याला थांबवा आणि तार आत न्यायला सांगा, ती तार बारीक असते. तरीही दूरची खोली उरलीच तर तिथपर्यंत कॅट ६ची लॅन केबल ओढून घ्या. शंभर मीटरपर्यंत ती गिगाबिट वाहते आणि तिच्यात कुणी शेजारी शिरत नाही. त्या मुलीच्या टेबलाशी मी तेच केलं. त्या घरात नव्या राउटरची गरज कधीच नव्हती, ही गोष्ट मला अजून खुपते. दोन राउटरांचे पैसे गेले ते गेलेच, वर एक सत्र गेलं.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांपूर्वी धमकीचा ईमेल गेला तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या, पासवर्ड नसलेल्या वायफायवरून. त्या घरात राहणारे गृहस्थ परदेशी नागरिक होते, चौकशी त्यांच्या दारी गेली. तेव्हापासून पासवर्ड लावायची सवय लागली, पण पासवर्डऐवजी पिननं जोडणी करून देणारं डब्ल्यूपीएस तसंच चालू राहतं. त्याचा आठ आकडी पिन यंत्र दोन तुकड्यांत तपासतं, त्यामुळे दहा कोटींऐवजी अकरा हजार प्रयत्नांत तो सापडू शकतो, हे २०११ मध्येच जाहीर झालं आहे. डब्ल्यूपीएस बंद करा, राउटरच्या सेटिंगचा मूळ पासवर्ड बदला, आणि वर्षातून दोनदा तरी नवं फर्मवेअर आलंय का ते पाहा. राउटर घेताना कंपनी फर्मवेअर देत राहते का, हे तिच्या संकेतस्थळावर तपासणं अँटेना मोजण्यापेक्षा जास्त मोलाचं.

दिवाळीच्या सेलमध्ये नवा राउटर घेण्याआधी एक करा. राउटरच्या खालच्या स्टिकरवर सेटिंगच्या पानाचा पत्ता असतो, तो उघडा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये रुंदी २० मेगाहर्ट्झ करा आणि चॅनेल १, ६, ११ यांपैकी जो तुमच्या घरात सर्वांत कमी भरलेला दिसेल तो ठेवा. नंतर वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरी जाऊन त्यांनाही हे करायला सांगा. जमलं तर सोसायटीच्या सभेत विषय मांडा आणि मजल्यांनुसार चॅनेल वाटून सूचना फलकावर लावा. खर्च काही नाही. तुमचा राउटर बदलायची गरज आहे की नाही, हे त्यानंतरच कळेल.